प्रोपेलर देईल तेवढेच फेरे: रोटरी विमान-इंजिनाच्या इनटेक आणि एक्झॉस्ट जुळवणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण हौशी बांधणीकाराने स्वतः बांधलेल्या एका दोन आसनी विमानाचे आहे. व्यक्तीची आणि विमानाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. तांत्रिक क्रम मात्र तसाच ठेवला आहे. बांधणीकार व्यवसायाने यंत्रकाम जाणणारे होते आणि त्यांच्या मदतीला इंजिन दुरुस्तीचा दीर्घ अनुभव असलेले एक स्नेही सल्लागार म्हणून होते. विमानासाठी त्यांनी मोटारीतून काढलेले माझदाचे १३बी हे दोन रोटरांचे रोटरी इंजिन निवडले. अशा इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर हाउसिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कक्ष तयार होतात. या इंजिनाच्या एका कक्षाचे आकारमान ६५४ घन सेंटिमीटर आणि दोन्ही रोटरांचे मिळून १,३०८ घन सेंटिमीटर भरते. वजनाच्या मानाने मिळणारी शक्ती, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टचा अभाव, आणि बिघाड झाला तरी एकाएकी अडकून न बसण्याची प्रवृत्ती, या कारणांनी स्वतः विमान बांधणाऱ्यांमध्ये या इंजिनाविषयी आस्था आहे. कारखान्यात बनलेल्या विमानांनाही हा प्रकार परका नाही. शेपटीमागे फारसा आवाज न सोडणारे लॉकहीडचे क्यू-स्टार हे विमान १९६० च्या दशकाच्या अखेरीस कर्टिस-राइटच्या रोटरी इंजिनावर उडाले होते आणि पुढे स्वबळावर उड्डाण घेणाऱ्या काही ग्लायडरांमध्येही लहान रोटरी इंजिने बसवली गेली.

निवडलेल्या ब्लॉकमध्ये हवा आत घेणारे इनटेकचे चार पोर्ट (तोंडे) बाजूच्या लोखंडी हाउसिंगमध्ये होते, म्हणजे प्रत्येक रोटरला दोन, आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा पोर्ट रोटर हाउसिंगच्या परिघावर होता. २.१७ ला १ असे प्रमाण असलेला गिअरबॉक्स आणि स्थिर पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) लाकडी प्रोपेलर अशी पुढची जोडणी होती. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा पोर्टांपर्यंत नेणारा संच, शर्यतीच्या मोटारींत दिसतो तसा आखूड, जाड नळ्यांचा होता. तो देखणा होता, काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) सहज मावत होता आणि तो निवडण्यामागे याहून अधिक विचार झालेला नव्हता. एक्झॉस्टला दोन नळ्या लगेच एकत्र येऊन आतून आडपडदे असलेल्या मफलरमध्ये शिरत होत्या.

अडचण

प्रोपेलर बनवणाऱ्याने विमान जागेवर बांधून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाला मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे मिळतील असे धरून पिच ठरवली होती. प्रत्यक्षात मिळाले ५,१५०. साडेतीनशे फेऱ्यांची ही तूट ऐकायला किरकोळ वाटते, परंतु जागेवर फिरणारा प्रोपेलर फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात शक्ती शोषतो, त्यामुळे ५,१५० भागिले ५,५०० या गुणोत्तराचा घन काढला की अपेक्षेच्या ८२ टक्केच शक्ती शाफ्टवर येत आहे असे निघते. धावपट्टी आखूड असलेल्या ठिकाणाहून उडायचे असेल, तर अठरा टक्क्यांची तूट म्हणजे उड्डाणच पुढे ढकलण्याचे कारण ठरते.

येथे मोजमापाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणातले सगळे निष्कर्ष तिच्यावर उभे आहेत. स्थिर फेरे, म्हणजे विमान जागेवर बांधून पूर्ण थ्रॉटलवर मिळणारे फेरे, हा इंजिनाच्या शक्तीचा बऱ्यापैकी विश्वासार्ह मापक आहे, कारण हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती आणि प्रोपेलरची भूक दोन्ही जवळपास बरोबरीने घटतात. समोरून वारा असेल तर मात्र प्रोपेलरवरचा भार हलका होतो आणि फेरे फसवे वाढतात. म्हणून सर्व चाचण्या पहाटे, वारा पडलेला असताना, शेपटी बांधून घेण्यात आल्या, आणि पाण्याचे व तेलाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत असतानाच आकडा नोंदवला गेला. या शिस्तीचे श्रेय सल्लागारांना द्यायला हवे. तिच्यावाचून पुढचे पाच-सात टक्क्यांचे फरक ओळखूच आले नसते.

पोर्टांच्या वेळा आणि लहरींचा हिशेब

उपाय शोधण्याआधी दोघांनी अंशांची चकती लावून पोर्ट उघडण्या-मिटण्याच्या वेळा मोजल्या. वरचा मृतबिंदू म्हणजे कक्ष सर्वांत लहान आणि खालचा म्हणजे सर्वांत मोठा असण्याचा क्षण. इनटेक वरच्या मृतबिंदूनंतर ३२ अंशांवर उघडत होता आणि खालच्या मृतबिंदूनंतर ५० अंशांवर मिटत होता. एक्झॉस्ट खालच्या मृतबिंदूच्या ७१ अंश आधी उघडून वरच्या मृतबिंदूनंतर ४८ अंशांवर मिटत होता. हे सर्व अंश रोटर ज्याला फिरवतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टचे आहेत. रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक टप्पा १८० नव्हे तर २७० अंश चालतो, हे ध्यानात न ठेवता पिस्टन इंजिनाची सूत्रे तशीच वापरणारे पुष्कळजण चुकीच्या लांबीच्या नळ्या कापून बसतात.

या आकड्यांत रोटरीचे एक खास वैशिष्ट्य दडलेले आहे. एक्झॉस्टचा कालावधी ३८९ अंश भरतो, म्हणजे एका पूर्ण फेरीहून २९ अंश जास्त. त्याचा अर्थ असा की पुढच्या कक्षाचा एक्झॉस्ट मिटायच्या आधीच मागून येणाऱ्या कक्षाने त्याच पोर्टात आपला जळका वायू सोडायला सुरुवात केलेली असते. पुढच्या कक्षाच्या मृतबिंदूनंतर १९ अंशांवर हा स्फोटक झोत सुरू होतो, ३२ अंशांवर त्या कक्षाचा इनटेक उघडतो आणि ४८ अंशांपर्यंत एक्झॉस्टही उघडाच असतो. या १६ अंशांच्या सामाईक काळात एक्झॉस्ट नळीतला दाब जेवढा जास्त, तेवढा जळका वायू उलटा फिरून इनटेकमध्ये शिरतो. मफलर कोंडत असेल तर नुकसान फक्त एक्झॉस्टचे होत नाही, ताज्या हवेची जागाही जळका वायू व्यापतो. एक्झॉस्ट आणि इनटेक हे दोन वेगळे विषय मानून त्यांवर दोन वेगवेगळ्या दिवशी काम करण्याची सवय रोटरीच्या बाबतीत महाग पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उलटी शिरणारी ही दाबलहर तोट्याचीच असते असे मात्र नाही. इनटेक उघडताक्षणी एक तीव्र दाबलहर नळीतून बाहेरच्या दिशेने धावते. दोन रोटर एकमेकांपासून १८० अंशांवर असल्यामुळे पहिल्या रोटरचा इनटेक ३२ अंशांवर उघडतो तेव्हा दुसऱ्या रोटरचा इनटेक मिटायला १०८ अंश उरलेले असतात. पहिल्याची लहर नेमकी दुसऱ्याचा पोर्ट मिटण्याच्या बेतात पोहोचली, तर ती जास्तीची हवा आत कोंबते. माझदाने १९८० च्या दशकाच्या मध्यात दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मोटारीत याच तत्त्वाचा उपयोग केला होता. याउलट २००३ मध्ये आरएक्स-८ बरोबर आलेल्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टही बाजूच्या हाउसिंगमध्ये नेऊन सामाईक काळच काढून टाकला गेला. त्यामुळे या प्रकरणातले आकडे त्या इंजिनाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पोर्ट हळूहळू उघडतो म्हणून लहरीचा माथा ४५ अंशांच्या आसपास निघतो आणि तो १२० अंशांच्या आसपास पोहोचावा, म्हणजे प्रवासाला ७५ अंश मिळतात, असे दोघांनी गृहीत धरले. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांवर शाफ्ट एका मिलिसेकंदात ३२.४ अंश फिरतो, म्हणून ७५ अंशांना सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात. हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटर येतो आणि एका रोटरच्या कक्षापासून दुसऱ्याच्या कक्षापर्यंतची वाट सुमारे ८१ सेंटिमीटर असावी लागते.

मग बसवलेल्या मॅनिफोल्डची वाट मोजली. लोखंडी हाउसिंगमधला भाग धरून ती जेमतेम ५० सेंटिमीटर भरली. तोच हिशेब उलटा लावला की असे दिसते की हा मॅनिफोल्ड मिनिटाला सुमारे ८,८०० फेऱ्यांवर उत्तम काम करील. शर्यतीच्या मोटारीला ते योग्यच होते. या विमानाचा प्रोपेलर मात्र इंजिनाला तिथे कधीच पोहोचू देणार नव्हता. मोटारीत चालक गिअर बदलून इंजिनाला त्याच्या आवडत्या फेऱ्यांवर नेऊ शकतो. स्थिर पिचच्या प्रोपेलरमागच्या इंजिनाला आधी खालच्या फेऱ्यांवर ताकद दाखवावी लागते, तेव्हाच वरचे फेरे मिळतात. नळीची लांबी ठरवताना पहिला प्रश्न इंजिनाच्या कमाल शक्तीचा नसून प्रोपेलर कोणत्या फेऱ्यांवर अडवून धरतो हा आहे, आणि तोच प्रश्न या बांधणीत सुरुवातीला विचारला गेला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय प्रोपेलरची पिच कमी करून घेण्याचा होता. फेरे नक्कीच वाढले असते, पण ते शक्ती वाढल्यामुळे नव्हे तर भार कमी झाल्यामुळे, आणि क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उड्डाणात) त्याच वेगासाठी इंजिन सतत जास्त फिरवावे लागले असते. रोग तसाच ठेवून थर्मामीटर बदलण्यासारखा हा उपाय असल्याने तो मागे ठेवला गेला.

दुसरा पर्याय परिघावर इनटेक पोर्ट पाडण्याचा होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. परिघावरच्या पोर्टाने हवेचा मार्ग सरळ होतो आणि भरणा वाढतो. मोटारीत त्यामुळे होणारे अडखळते आयडलिंग विमानात फारसे अडत नाही, कारण प्रोपेलर स्वतःच जड फ्लायव्हीलचे काम करतो. पण त्यासाठी रोटर हाउसिंगला पाण्याच्या पोकळीतून आरपार छिद्र पाडून नळी बसवावी लागते आणि ते काम परतवता येत नाही. शिवाय सामाईक काळ पुष्कळ वाढतो. ज्या विमानाला मफलर लागणारच आहे, तिथे एक्झॉस्टचा दाब सहन न करणारी रचना निवडणे शहाणपणाचे नाही, असा निर्णय झाला आणि तो योग्यच होता. ब्रिज पोर्ट, म्हणजे बाजूच्या पोर्टालगत आणखी एक फट पाडणे, हा पर्याय पाण्याच्या सीलच्या फार जवळून जात असल्यामुळे लगेच सोडला गेला. बाजूचे पोर्ट घासून मोठे करणे सोपे होते, परंतु त्यामुळे इनटेक आणखी उशिरा मिटला असता आणि ताकदीचा माथा आणखी वरच्या फेऱ्यांकडे सरकला असता, म्हणजे नेमके नको त्या दिशेला.

टर्बोचार्जरचा विचार झाला आणि काऊलिंगमधली उष्णता व वाढती गुंतागुंत पाहून बाजूला पडला.

उरला तो पोर्टांना हात न लावता बाहेरच्या नळ्या बदलण्याचा पर्याय. येथे कोणीतरी बदलत्या लांबीच्या नळ्यांची कल्पना मांडली. १९९१ मध्ये ल मांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मोटारीच्या चार रोटरांच्या इंजिनात इनटेकची लांबी चालता चालता बदलत असे, हे खरे आहे. पण त्या इंजिनाला वळणातून बाहेर पडण्यापासून सरळ पट्ट्यापर्यंत फेऱ्यांचा मोठा पल्ला सांभाळायचा होता. विमानात उपयोगाचा पल्ला जेमतेम हजार फेऱ्यांचा असतो. एकच लांबी पुरते, ती योग्य असली की झाले.

निर्णय आणि कृती: आधी एक्झॉस्ट

कोणता बदल आधी करायचा, हा पहिला खरा निर्णयबिंदू होता. बांधणीकारांचा ओढा इनटेककडे होता, कारण हिशेब तिकडे बोट दाखवत होता. सल्लागारांचे म्हणणे असे की एक्झॉस्टचा दाब जास्त असेल तर इनटेकमधली लहर आणि तिच्यासोबत शिरणारा जळका वायू दोन्ही बदलतात, म्हणून आधी एक्झॉस्ट मोकळा करून मगच इनटेक मोजावा. त्यांचे ऐकले गेले. पोर्टाच्या थोडे पुढे एक बारीक नळी जोडून, ती वेटोळी करून थंड ठेवत, गेज लावले, तेव्हा पूर्ण थ्रॉटलवर ०.२८ बार इतका दाब आढळला. मफलर उघडल्यावर आतला एक पत्रा तडकून वाकलेला दिसला. रोटरीच्या एक्झॉस्टचे तापमान ९०० अंश सेल्सिअसपर्यंत आणि त्याहून वरही जाते, पोर्ट एकदम उघडत असल्याने झोताचा धक्काही तीव्र असतो, आणि पातळ पत्र्याचे आडपडदे या दोहोंपुढे टिकत नाहीत.

एक्झॉस्ट नळीची लांबी लहरींसाठी जुळवावी का, याचाही हिशेब मांडला गेला. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६५० मीटर असतो. एका रोटरच्या झोतापासून परतणारी विरल (कमी दाबाची) लहर त्याच रोटरच्या पुढच्या सामाईक काळात पोहोचवायची असेल, तर ५,४०० फेऱ्यांवर प्रत्येक नळी साडेतीन मीटरांहून लांब लागते, आणि विमानाच्या पोटाखाली तापलेल्या अशा दोन नळ्या वाहण्याचे वजन कोणालाही नको होते. दोन नळ्या एकत्र केल्यास एका रोटरचा झोत दुसऱ्याच्या सामाईक काळात घुसेल का, हीसुद्धा शंका होती. पण त्यासाठी दोन पोर्टांमधली वाट पावणेचार मीटरांच्या वर असावी लागते. साठ सेंटिमीटरच्या दोन स्वतंत्र नळ्या पुढे एकत्र केल्या तर झोत दुसऱ्या रोटरकडे त्याचा एक्झॉस्ट मध्यावर असतानाच पोहोचून जातो आणि त्याने काही बिघडत नाही. थोडक्यात, एक्झॉस्टमध्ये लांबी जुळवण्यापेक्षा दाब कमी करण्यालाच अर्थ होता.

त्यानुसार ३२१ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, तापून लांबी वाढल्यावर सरकू शकतील असे सांधे, आणि आडपडदे नसलेला, मधून छिद्रांची आरपार नळी जाणारा मफलर बनवला गेला. दाब ०.०६ बारपर्यंत उतरला, स्थिर फेरे ५,२३० झाले, आणि घनाच्या नियमाने शक्ती जवळपास ५ टक्क्यांनी वाढली. आवाज वाढला, पण सुसह्य राहिला.

मग इनटेक

इनटेकच्या पहिल्या प्रयत्नात लांब नळ्या एका मोठ्या प्लेनममध्ये (हवेच्या पेटीत) सोडल्या गेल्या. हवेला भरपूर जागा मिळाली की श्वास मोकळा होईल असा समज होता. नळ्यांची लांबी हिशेबाप्रमाणे होती, तरीही फेरे मुळीच वाढले नाहीत. कारण उघड आहे: मोठी पेटी ही लहरीच्या दृष्टीने नळीचे उघडे टोक असते. तिथे पोहोचलेली दाबलहर विरल होऊन आल्या वाटेने परतते आणि दुसऱ्या रोटरला काहीच मिळत नाही. दोन रोटरांमधली देवाणघेवाण हवी असेल तर जोड लहान, गुळगुळीत आणि अरुंद असावा लागतो, जेणेकरून लहर एका नळीतून थेट दुसऱ्या नळीत शिरेल.

दुसऱ्या प्रयत्नात प्लेनम काढून इंग्रजी वाय आकाराचा आखूड जोड बसवला आणि थ्रॉटल त्याच्या मागे ठेवला. येथे दुसरा निर्णयबिंदू आला, आणि तो शक्तीचा नसून सुरक्षिततेचा होता. पूर्ण थ्रॉटल देताच हवा-इंधन प्रमाण दाखवणारा सेन्सर साडेबारावरून साडेतेराच्या पुढे सरकू लागला. इंधन नियंत्रक मॅनिफोल्डमधला दाब आणि फेरे पाहून इंधन सोडत होता. दाब पूर्वीइतकाच, पण लहरीमुळे कक्षात शिरणारी हवा जास्त, म्हणून मिश्रण पातळ. बांधणीकारांना आणखी काही सेकंद थांबून फेऱ्यांचा आकडा पाहायचा होता. सल्लागारांनी थ्रॉटल मागे घ्यायला लावले. पातळ मिश्रणावर पूर्ण भार असताना ठोके (मिश्रणाचे अनियंत्रित स्फोट) सुरू झाले तर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरची सीलपट्टी) तुटायला फार वेळ लागत नाही, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडताना हाउसिंगही ओरबाडतो. इंधनाचा तक्ता ५,००० ते ५,६०० फेऱ्यांच्या पट्ट्यात नव्याने भरल्यावरच पुढची चाचणी झाली. दाब मोजणाऱ्या नळीत बारीक छिद्राची बुच बसवून लहरींची थरथरही शमवली गेली. नळ्यांची जुळवणी यशस्वी होते तेव्हाच हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण फायदा मोजक्याच फेऱ्यांवर होतो आणि जुना तक्ता इतरत्र बरोबर दिसत राहतो.

स्थिर फेरे आता ५,३३० झाले; म्हणजे नळ्यांच्या लांबीचा शुद्ध फायदा सुमारे ६ टक्के. अपेक्षेहून तो कमी होता, म्हणून थ्रॉटलपाशी तापमापक लावला. हवा ६२ अंशांची निघाली. काऊलिंगमधली तापलेली हवाच इंजिन ओढत होते, आणि जुन्या मॅनिफोल्डच्या वेळीही तीच स्थिती असणार. याचे परिणाम दोन. एक तर हवा विरळ. दुसरे असे की ६२ अंशांवर ध्वनीचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि ५,४०० फेऱ्यांसाठी कापलेली नळी प्रत्यक्षात ५,६३० च्या आसपास जुळते. काऊलिंगच्या नाकापासून स्वतंत्र हवानळी आणल्यावर तापमान ४० अंशांवर आले आणि फेरे ५,४५० झाले, म्हणजे आणखी ७ टक्के शक्ती. ६२ वरून ४० अंशांवर येताना हवेची घनताही नेमकी ७ टक्क्यांनीच वाढते, म्हणून हा टप्पा लहरींच्या खात्यावर जमा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. इनटेकच्या कामाने एकूण जे मिळाले, त्यातला निम्म्याहून मोठा वाटा साध्या थंड हवेचा होता.

परिणाम

५,१५० पासून ५,४५० पर्यंत, घनाच्या नियमाने शक्ती साडेअठरा टक्क्यांनी वाढली. मूळ अपेक्षेपेक्षा ती अजून ३ टक्क्यांनी कमी आहे आणि तेवढ्यावर समाधान मानले गेले. उड्डाणात चढाईचा वेग स्पष्टपणे सुधारला. क्रूझमध्ये मात्र विशेष फरक पडला नाही, कारण तिथे थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो आणि इंधनाची बचत हा तिथला मुद्दा असतो. सरळ उड्डाणातले कमाल फेरेही थोडेच वाढले, कारण लांब नळ्या वरच्या फेऱ्यांवर थोडे परत घेतात.

दोन त्रुटी उरल्या. मिनिटाला ४,३०० फेऱ्यांच्या आसपास ताकदीत एक खड्डा आहे. त्या फेऱ्यांवर लहर दुसऱ्या रोटरचा पोर्ट मिटण्याच्या बरीच आधी पोहोचते आणि आत कोंबलेली हवा परत बाहेर पडायला वेळ मिळतो. स्थिर अवस्थेत इंजिन तिथे राहत नाही, पण उतरताना निर्णय बदलून पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिल्यास ते त्या पट्ट्यातून जाते आणि किंचित अडखळते. तक्त्यातल्या दुरुस्तीने ही अडखळ कमी झाली, संपली नाही. दुसरी त्रुटी एक्झॉस्टच्या आधारपट्टीत आढळली: पहिल्या काही तासांनंतरच्या तपासणीत वेल्डजवळ केसाएवढी चीर दिसली, कारण नळी सरकू शकत होती पण पट्टी तिला जागेवर खिळवून ठेवत होती. पट्टी सैल टांगती केली गेली, आणि एक्झॉस्टला चीर गेल्यास विषारी वायू आसनापर्यंत पोहोचू शकतो म्हणून कॉकपिटमध्ये कार्बन मोनॉक्साइड दर्शकही बसवला गेला. हा दर्शक मुळात पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

काय वेगळे करता आले असते

एक्झॉस्ट आधी आणि इनटेक नंतर, एका वेळी एकच बदल, ही शिस्त पाळल्यामुळे प्रत्येक टप्प्याचा वाटा वेगळा काढता आला. तरीही तिला एक अपवाद राहिला: हवेचे तापमान अगदी शेवटी मोजले गेले. तापमापक सुरुवातीलाच लावला असता तर थंड हवेची नळी पहिल्याच आठवड्यात बसली असती, आणि मोठ्या प्लेनमवर खर्च झालेले श्रम बहुधा वाचले असते, कारण तोवर तूट निम्म्यावर आलेली असती आणि घाईही कमी झाली असती.

नळ्या वेल्ड करण्याऐवजी सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या सरळ तुकड्यांना सिलिकॉनच्या होजने जोडून लांबी बदलत चाचण्या घेता आल्या असत्या. फेऱ्यांचा माथा कुठे सरकतो हे दोन-तीन लांब्यांवर पाहिले असते, तर ७५ अंशांचे गृहीतक तपासले गेले असते. आज ते फक्त एका लांबीवर बरोबर ठरले आहे, आणि एका बिंदूवरून रेषा काढता येत नाही.

प्रोपेलर जमिनीवर पिच बदलता येईल असा असता, तर इंजिन आणि प्रोपेलर यांची गाठ दोन्ही बाजूंनी सैल करता आली असती. अशा बांधणीत आधी प्रोपेलर आणि त्याचे स्थिर फेरे निश्चित करून मगच मॅनिफोल्ड निवडावा, हा क्रम प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटतो. पोर्टांना हात लावण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

माथा नेमका कोणत्या फेऱ्यांवर ठेवायचा, हा वाद मात्र मिटलेला नाही. चढाईत पुढच्या वेगामुळे प्रोपेलर हलका होतो आणि इंजिन ५,६०० च्या आसपास चालते, शिवाय वर हवा थंड असते. २० अंशांच्या हवेत ५,६०० फेऱ्यांसाठी वाट सुमारे ७७ सेंटिमीटर हवी, म्हणजे प्रत्येक नळी आजच्यापेक्षा साधारण अडीच सेंटिमीटरने आखूड. सल्लागार तेवढे कापावे या मताचे आहेत, कारण चढाई मिनिटांची असते आणि धावपट्टीवरची धाव सेकंदांची. बांधणीकार ज्या पट्टीवरून उडतात ती आखूड आहे आणि तिच्या टोकाला झाडे आहेत. त्यांनी लांबी सध्या आहे तशीच ठेवली आहे.